लेक बडोद्याला होस्टेलवर राहायला निघाली आहे, तिला काय शिकवून पाठवू?

भुसावळच्या एका ताईंनी विचारलं आहे: लेकीला बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळाला, आता ती होस्टेलवर राहील. २०२४च्या ऑगस्टमधले पुराचे व्हिडिओ पाहून घरचे सगळे धास्तावले आहेत. पूर, आग, भूकंप, काहीही झालं तर पोरीने काय करायचं, आणि अडीअडचणीसाठी कोणती बॅग भरून द्यायची?

ताई, बॅगेचं शेवटी सांगतो, कारण तिचा नंबर खरंच शेवटचा आहे. मी बडोद्यातच जन्मलो, दांडियाबाजारात वाढलो. सव्वीस वर्षं रासायनिक कारखान्यांत सुरक्षा अधिकारी होतो आणि गेली काही वर्षं कॉलेजांमधून आगीच्या, पुराच्या, प्रथमोपचाराच्या कवायती घेतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. संकट कुठलंही असो, पहिली दहा मिनिटं बाहेरून कोणी येत नाही. ॲम्ब्युलन्स, बंब, पोलीस सगळे येतात, पण दहा मिनिटांनंतर. तोवर खोलीत, वर्गात, मैदानावर जे हजर असतात त्यांनीच निभावायचं असतं. त्यांना जागा माहीत असेल तर निभावतं. जागा म्हणजे दुसरा जिना कुठे, मेन स्विच कुठे, किल्ली कोणाकडे आणि आपण उभे आहोत तिथला पत्ता काय.

पत्त्यापासूनच सुरुवात करतो. शहरातल्या एका कॉलेजात, नाव सांगत नाही, मे महिन्यात दुपारी व्हॉलीबॉलच्या सरावात एक मुलगा कोसळला. चार मित्रांनी चार फोनवरून १०८ लावला. एकाने कॉलेजचं नाव सांगितलं, दुसऱ्याने जवळच्या चौकाचं, तिसऱ्याने नुसतं ‘ग्राउंडवर या’ म्हटलं, चौथ्याचा फोन रडण्यातच गेला. ॲम्ब्युलन्स लवकर आली, पण पुढच्या फाटकाशी. मैदान मागच्या बाजूला होतं आणि मागचं फाटक कुलूपबंद. किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला घरी गेलेला. स्ट्रेचर हातात घेऊन दोन माणसं अख्ख्या कॉलेजला वळसा घालून धावली. मुलगा वाचला, पण त्या वळशात गेलेली मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवशी मी तिथे दुसऱ्याच कामाला गेलो होतो आणि त्या मागच्या फाटकाजवळूनच आत आलो होतो. कुलूप पाहिलं होतं, विचारलं मात्र नव्हतं.

तुमच्या लेकीच्या विद्यापीठात हा प्रश्न अजून अवघड होतो, कारण ते एका कुंपणात बसवलेलं नाही. आर्ट्सचा घुमट आणि आसपासच्या फॅकल्टी सयाजीगंज-फतेगंजच्या बाजूला, टेक्नॉलॉजी कलाभवनात, परफॉर्मिंग आर्ट्स सूरसागरजवळ, मेडिकल सयाजी हॉस्पिटलच्या आवारात. ‘एम. एस. युनिव्हर्सिटीत या’ हा पत्ताच नव्हे. तिला एक वाक्य तयार करायला सांगा: फॅकल्टीचं नाव, इमारत, मजला, कोणत्या रस्त्यावरच्या कोणत्या फाटकातून आत यायचं, आणि मी फाटकावर माणूस उभा करते. होस्टेलचं एक, वर्गाचं एक, लायब्ररीचं एक. हिंदीतून सांगितलं तरी इथे सगळ्यांना समजतं, फक्त फाटकाला इथे झांपा म्हणतात हा शब्द तिला माहीत असू दे. फोन एकानेच करायचा, बोलून झाल्यावर समोरच्याने ठेवा म्हणेपर्यंत ठेवायचा नाही, दुसऱ्याने फाटकावर धावायचं, तिसऱ्याने किल्ली शोधायची. रुग्णासाठी १०८, आगीसाठी १०१, आणि काही सुचेना तर ११२. हे तीन पाठ असले म्हणजे पुरे.

त्या मुलाला झाला होता उष्माघात. बडोद्याचा मे-जून भुसावळकरांना नवा नाही, तुमच्याकडेही ऊन मरणाचंच असतं. पण इथे जूनमध्ये हवेत दमटपणा येतो, घाम वाळत नाही, आणि मुलं म्हणतात आज तर ऊन कमी आहे. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, चाल डळमळीत असेल तर ते साधं चक्कर येणं समजू नये. सावलीत न्यायचं, जादा कपडे काढायचे, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवायचा. शुद्ध पुरती नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. त्या दिवशी मित्र नेमकं तेच करत होते, बाटली तोंडाला लावून. माया होती त्यांची, पण पाणी श्वासनळीत गेलं असतं.

आणि माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास नसेल किंवा मधूनच आचके दिल्यासारखा श्वास असेल, तर छाती दाबायला लागायचं. छातीच्या मधोमध, हात सरळ ठेवून, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून आळीपाळीने करायचं, मध्ये थांबायचं नाही. हे वाचून येत नाही. बाहुल्यावर एकदा तरी करून पाहावं लागतं. तिच्या फॅकल्टीत रेडक्रॉस, एनसीसी किंवा एनएसएसचं शिबिर लागलं की पहिल्याच वर्षी तिने नाव द्यावं. मी तर म्हणेन, हे सगळं उत्तर विसरलात तरी चालेल, पण ते शिबिर तिने चुकवू नये. रस्त्यावरच्या अपघातात मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती अजून घराघरांत आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ए ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे तिला मुद्दाम सांगा.

आता पूर, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे.

विश्वामित्री नदी पावागडावरून येते आणि शहराच्या मधोमध, कमाटीबागेतून वाहते. आता सयाजीबाग असं नाव असलं तरी आम्ही जुने लोक कमाटीबागच म्हणतो. नदीच्या वरच्या अंगाला अजव्याचं सरोवर आहे, सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधून घेतलेलं. विद्यापीठाचा मोठा भाग नदीच्या जवळ आहे आणि भूखी नावाची कांस, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढा, त्याच्या आवारातून जाऊन नदीला मिळते. नदी चढली की कांसेचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे फिरतं. म्हणून इथे पाणी रस्त्याने वाहत येतंच असं नाही. ते गटारातून, कांसेतून, कधी न्हाणीघराच्या जाळीतूनही वर येतं. नवख्या मुलांचा अंदाज इथेच चुकतो. ती खिडकीतून रस्त्याकडे बघत बसतात आणि पाणी मागून येतं.

दोन आकडे रोज पाहायची सवय पावसाळ्यात तिने लावून घ्यावी. एक काळा घोडा नावाच्या चौकाजवळच्या पुलावरची विश्वामित्रीची पातळी, दुसरा अजव्याची पातळी. दोन्ही महापालिका जाहीर करते आणि स्थानिक बातम्यांत येतात. काळ्या घोड्याशी २६ फूट ही धोक्याची खूण. २०२४च्या ऑगस्टअखेर पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. माझा स्वतःचा नियम असा की पातळी २० फुटांवर गेली आणि पाऊस चालू असला की तळमजल्यावरचं सामान वर चढवायचं. लोक २६ची वाट पाहतात, आणि मग रात्री दोन वाजता गाद्या उचलतात. दोन्ही आकडे का पाहायचे तेही सांगतो. ३१ जुलै २०१९ला जो पूर आला तो शहरातच एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस कोसळल्यामुळे. २०२४ला मात्र शहरातला पाऊस ओसरला तरी पाणी हटेना, कारण वरचं पाणी येतच होतं. पाऊस थांबला म्हणजे पूर संपला असं बडोद्यात धरून चालत नाही. किती तरी लोक उघडीप पाहून बाहेर पडले आणि अडकले.

तेव्हा २६ ऑगस्टला जन्माष्टमी होती. सणाची सुट्टी म्हणजे अर्धे लोक गावी. अशा वेळी होस्टेलमध्ये जे मागे राहतात त्यांची फार आबाळ होते. मेसचे आचारी पोचत नाहीत, दूध नाही, वीज नाही, टाकीत पाणी चढत नाही. दोन-तीन दिवस निघतील एवढं कोरडं खाणं आणि पिण्याचं पाणी खोलीत असावं. वीज जाण्याआधी बादल्या भरून ठेवाव्यात, पिण्याच्या वेगळ्या, संडासाच्या वेगळ्या. सुट्टीत कोण कोण मागे राहतंय याची यादी एका मुलीने ठेवावी आणि रेक्टरना द्यावी. हे काम तुमच्या लेकीने अंगावर घेतलं तर मला फार आनंद होईल.

पुराच्या पाण्यात पाय घालायचाच नाही. बडोद्यात त्याची तीन कारणं आहेत. पहिलं विजेचं. खांब, ताणाच्या तारा, पाण्याचे कूलर, रस्त्याकडेचे बोर्ड यांतून पाण्यात करंट उतरतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. होस्टेलचा मेन स्विच पाणी यायच्या आधी बंद व्हायला हवा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही. आणि मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत राहते, हे कारखान्यात मुरलेले वायरमनसुद्धा विसरतात. दुसरं कारण उघडी गटारं. तिसरं मगर.

मगरीबद्दल तुम्ही ऐकलं असेल आणि खोटं वाटलं असेल. विश्वामित्रीत मगरी आहेत, पूर्वापार आहेत. २०२५च्या गणनेत चारशेहून अधिक मोजल्या गेल्या. एरवी त्या आपल्या काठाला पडून असतात. पूर आला की पाण्याबरोबर सोसायट्यांत, बागांत, विद्यापीठाच्या आवारातही येतात. पाणी ओसरल्यावर धोका जास्त, कारण एखादी मगर परत न जाता झुडपात, पार्किंगमध्ये, साचलेल्या डबक्यात राहून जाते. तेव्हा पुरानंतर चारेक दिवस अंधारात कांसेच्या कडेने जायचं नाही, डबक्यात चिखलाचे पाय धुवायचे नाहीत. दिसलीच तर लांब राहून वनखात्याला कळवायचं. घोळका करून व्हिडिओ काढायला मुलं तिला चारी बाजूंनी घेरतात, तिला वाट उरत नाही आणि मग ती अंगावर येते. ती कायद्याने पूर्ण संरक्षित आहे, दगड मारणं हा गुन्हाही आहे. तेवढीच काळजी सापांची. चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय न हलवता, धीर देत, सरळ सयाजी हॉस्पिटलला न्यायचं.

पाण्यातून चालावंच लागलं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं, तर डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात चालले होते’ हे वाक्य आठवणीने सांगायचं. लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, आणि साधा ताप यांत सुरुवातीला फरक दिसत नाही. या एका वाक्यावर डॉक्टर वेगळी तपासणी करतात.

आगीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण पूर आधी कळवून येतो, आग येत नाही. २४ मे २०१९ला सुरतमध्ये एका व्यापारी इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर क्लास चालू होता. जिना धूर आणि ज्वाळांनी भरला आणि मुलांना उतरायला वाट उरली नाही. कित्येकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. २२ विद्यार्थी गेले. त्यानंतर मी प्रत्येक कॉलेजात पहिली कवायत घेतो ती आग विझवायच्या नळकांड्याची नाही, दुसऱ्या जिन्याची. मुलांना म्हणतो, रोज ज्या जिन्याने येता तो बंद झाला असं समजा, आता उतरून दाखवा. दर वेळी काही ना काही निघतंच. कुठे दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप, कुठे तिथे मोडके बाक रचलेले, कुठे झाडूपोच्याचं सामान. एका ठिकाणी जिना खाली जिथे उतरत होता तिथे बाहेरून भिंत घातलेली होती. चोरी होते म्हणून कुलूप लावलं, असं सांगतात. दार आतून ढकललं की उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही अशी कडी बाजारात मिळते, हे मी तेवढ्याच वेळा सांगतो.

तुमच्या लेकीने होस्टेलवर पहिल्या दिवशी सामान लावण्याआधी दुसरा जिना चालून यावा, थेट बाहेर मोकळ्या हवेपर्यंत. खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती हाताने मोजावीत, कारण धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. खिडकीच्या जाळ्या उघडतात का, की चारी बाजूंनी जोडून टाकल्या आहेत, तेही पाहावं. उघडत नसतील तर लेखी अर्ज द्यावा, तोंडी नाही, आणि एकटीने नाही, मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांनिशी.

माणसं आगीपेक्षा धुराने जास्त मरतात. धूर वर जातो, म्हणून खाली वाकून, गरज पडली तर रांगत जायचं. ओला रुमाल तोंडाला लावला तर काजळी अडते, विषारी वायू अडत नाही, तेव्हा रुमालाच्या भरवशावर धुरात शिरायचं नाही. दार उघडण्याआधी हाताची पालथी बाजू लावून पाहायची. गरम लागलं तर उघडायचं नाही. खालची फट ओल्या चादरीने बुजवायची, खिडकीशी जायचं, फोन करून मजला आणि खोली सांगायची आणि रंगीत कापड हलवायचं. लिफ्ट कधीच नाही. आणि मोबाइल, लॅपटॉप, प्रोजेक्टची वही, कशासाठीही परत फिरायचं नाही.

भिंतीवरच्या लाल नळकांड्याचं थोडक्यात. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे येताजाता पाहावं. पिन काढायची, नळी ज्वाळेकडे न धरता तिच्या बुडाशी धरायची, दाबायचं आणि झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवायची. आपल्या पाठीशी दार असलं पाहिजे. लहान नळकांडं पंधरा-वीस सेकंदांत संपतं. एकात विझली नाही तर दुसरं शोधू नये, निघावं.

होस्टेलात आग लागते कशाने? मी पाहिलेल्यांत बहुतेक वेळा एका एक्स्टेंशन बोर्डाने. साधा सहा अँपिअरचा बोर्ड जेमतेम चौदाशे वॉट पेलतो. त्यावर पंधराशे वॉटची किटली, जोडीला इस्त्री, वर दोन चार्जर. वायर गादीखालून गेलेली. वीज गेली, पाणी तापवायचा रॉड बादलीतून काढून पलंगावर ठेवला, मुलगी वर्गात गेली, वीज परत आली. एवढंच पुरतं. उशीखाली मोबाइल चार्जिंगला लावून झोपायची सवय असेल तर ती तुमच्याच घरी सोडवा. हल्ली विजेच्या स्कूटरची बॅटरी जिन्याखाली चार्ज करतात. ती पेटली तर जिनाच पेटतो. असं दिसलं तर भांडण झालं तरी चालेल, पण ती तिथून हलवलीच पाहिजे. मेसमध्ये सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, आणि कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

ताईंनी लिहिलं नाही, पण मुलगी सायन्सला असेल तर प्रयोगशाळेचंही सांगायला हवं. तो माझा मूळ धंदा. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांत बरं वाटतं आणि मुलं नळ सोडतात. त्यावर सोडा वगैरे चोळायचा नाही. सोडियमची आग पाण्याने भडकते, तिला कोरडी वाळू. आणि एक गोष्ट फार कमी ठिकाणी शिकवली जाते. सगळ्यात जास्त दगा देते ती टाकाऊ रसायनांची बाटली. नायट्रिक ॲसिडचं उरलंसुरलं आणि ॲसिटोन किंवा अल्कोहोल एकाच बाटलीत ओतून बूच घट्ट लावलं, तर आत वायू तयार होत राहतो आणि काही वेळाने, सगळे घरी गेल्यावर, बाटली फुटते. त्या बाटलीवर काय काय ओतलं ते लिहिलेलं नसेल तर तीत काहीही ओतायचं नाही. साध्या घरगुती फ्रिजमध्ये ईथर ठेवायचं नाही, त्याच्या आतल्या ठिणगीने वाफ पेटते. ओढणी, मोकळे केस, उघडी चप्पल घालून आत जायचं नाही. रात्री एकटीने प्रयोग करायचा नाही, गाइड कितीही घाई करोत.

शहराच्या बाजूला रिफायनरी आहे, रासायनिक वसाहती आहेत. ११ नोव्हेंबर २०२४ला कोयलीच्या रिफायनरीत टाकी पेटली तेव्हा धुराचे लोट दूरवरून दिसत होते. कधी हवेत उग्र वास आला, डोळे चुरचुरले, तर आधी झाडाची पानं किंवा झेंडा पाहून वारा कुठून येतोय ते ओळखायचं आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला सरायचं. वाऱ्याबरोबर पळालं तर वायू सोबत येतो. क्लोरीन जड असतो, तो खाली बसतो, म्हणून तळघरात लपायचं नाही, वर जायचं. बाहेर पडता येत नसेल तर दारं-खिडक्या बंद, पंखे-एसी बंद, फटींना ओलं कापड.

भूकंपाचं एवढंच. २६ जानेवारी २००१ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी आम्ही झेंडावंदनाला उभे होतो. केंद्र तीनशे किलोमीटरहून लांब कच्छात, तरी पायाखालची जमीन हलली. अहमदाबादेत तर इमारती कोसळल्या. हलत असताना पळायचं नाही, बाकाखाली शिरून त्याचा पाय धरून बसायचं. थांबल्यावर जिन्याने बाहेर, आणि बाहेर पडल्यावर जुन्या इमारतींच्या कमानी, सज्जे, कंगोरे यांच्यापासून लांब. गायकवाडी इमारती देखण्या आहेत, पण त्यांचं नक्षीकाम सुटून खाली आलं तर डोक्यावरच येईल.

आता ज्याबद्दल लोक सुरक्षेच्या नावाखाली बोलत नाहीत ते. होस्टेलमध्ये जीव जातो तो दर वेळी आगीने किंवा पाण्याने जात नाही. खोलीतली मुलगी जेवायला येईना, सामान वाटून टाकू लागली, ‘मी नसले तर बरं’ असं काही बोलून गेली, तर ते मनावर घ्यावं. सरळ विचारावं, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटीला सोडू नये, रेक्टरना उठवावं, रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. मैत्रिणीने शपथ घातली तरी ही गोष्ट पोटात ठेवायची नाही, एवढं तुमच्या लेकीला तुम्ही आई म्हणून सांगा. तुमच्या तोंडून ते वेगळं लागेल. आणि हेही सांगा की तिला स्वतःला तसं वाटलं तर ती परीक्षा, फी, लोक काय म्हणतील, काहीही न पाहता घरी येऊ शकते.

कोणी त्रास दिला, पाठलाग केला तर गुजरातेत १८१ अभयम आहे, बाईमाणूस बोलायला असतं आणि गाडीही येते. रॅगिंगसाठी देशभर १८००-१८०-५५२२. नवरात्रात इथे अख्खं शहर रात्री गरब्याला असतं, तिनेही जरूर जावं, बडोद्याचा गरबा पाहिला नाही तर काय पाहिलं. फक्त परत यायची सोय जाण्याआधी ठरवावी आणि मैदानाचे दोन झांपे आधी पाहून ठेवावेत. गर्दी दाटली की हात छातीपुढे घ्यावेत, पडलेली वस्तू उचलायला वाकू नये, गर्दीच्या विरुद्ध न जाता तिरकं तिरकं कडेला सरकावं.

आता तुमच्यासाठी एक. पूर आला की तुम्ही दर पाच मिनिटांनी फोन लावाल, मी तुमच्या जागी असतो तर मीही लावला असता. पण वीज नसते, तिची बॅटरी तुमच्या काळजीतच संपते. तेव्हा आधीच ठरवा: सकाळी आठ आणि रात्री आठ, दोन ओळींचा साधा एसएमएस. नेट बंद पडलं, फोन लागेना, तरी एसएमएस बहुतेक वेळा पोचतो. भुसावळला किंवा जळगावला एक माणूस नेमा, सगळ्या नातेवाइकांनी त्याला विचारायचं, तिला नाही. ‘धरण फुटलं’ असे निरोप व्हॉट्सॲपवर येतील. महापालिका किंवा कलेक्टर कचेरीने सांगितल्याशिवाय तिला पुढे पाठवू नका. अशा निरोपावर पोरी रात्री होस्टेल सोडून रस्त्यावर येतात, आणि तिथे खरं पाणी असतं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

आणि बॅग. टॉर्च आणि जादा सेल, भरलेली पॉवर बँक, शिट्टी, तिची नेहमीची औषधं आठवडाभराची, ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, पट्ट्या, सॅनिटरी पॅड, सुटे पैसे नोटांत, कारण वीज गेली की स्कॅन करून पैसे जात नाहीत. चणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. मूळ कागदपत्रं शक्यतो तुमच्याकडेच ठेवा, तिच्याकडे प्रती आणि डिजिलॉकर. जे न्यावंच लागेल ते जाड प्लॅस्टिकमध्ये, कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात. एका कागदावर रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, तुमचा क्रमांक आणि बडोद्यातल्या एका ओळखीच्या घराचा क्रमांक. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा आणि खोलीतल्या दुसऱ्या मुलीला दाखवून ठेवायचा. बडोद्यात मराठी घरं काही कमी नाहीत, कोणी ना कोणी निघेलच.

तिला सोडायला याल तेव्हा परतीची गाडी लगेचची काढू नका, एक मुक्काम करा. दुपारी तिच्याबरोबर होस्टेलपासून फॅकल्टीपर्यंत चाला आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर तोच रस्ता पुन्हा चाला. दिवे कुठे नाहीत, कांस कुठे लागते, कोणता झांपा रात्री बंद होतो, ते तिला मोठ्याने सांगायला लावा. वॉचमनशी ओळख करून घ्या, नाव विचारा, आणि मागच्या झांप्याची किल्ली रात्री कोणाकडे असते तेही तिलाच विचारू द्या.